दाजींच्या काठीमागे नागपूर

दरसाल धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणारे आपल्या समाजात लाखो आहेत. त्यात नव्याने लिहिण्यासारखे ते काय, असे वाचकांना वाटेल. आम्ही स्वतः आजवर नऊ-दहा वेळा गेलो. गाडीत बसलो, झोपलो, पहाटे उतरलो, अभिवादन केले, चार पुस्तके घेतली आणि परत आलो. पण 2024 च्या ऑक्टोबरात आम्ही आमच्या दाजींबरोबर गेलो, आणि मुंबई ते नागपूर ही वाट आपण आजवर पाहिलीच नव्हती की काय, असे झाले. दाजींना डोळ्यांनी अजिबात दिसत नाही.

वयाच्या सहाव्या वर्षी त्यांना देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले. पुढे अंधशाळेत ब्रेल शिकले, टेलिफोन ऑपरेटर झाले, आणि तीस वर्षे विक्रोळी ते फोर्ट लोकलने एकटे गेले नि आले. आमची थोरली बहीण, म्हणजे अक्का, त्यांना दिली. अक्का असेतो दोघे मिळून दरसाल नागपूर करीत. दोन वर्षांपूर्वी अक्का गेली, आणि घरातल्या सर्वांनी ठरवून टाकले की दाजींनी आता एकट्याने कुठे जायचे नाही. ठरवणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो.

दाजी एवढेच म्हणाले, "प्रवास माझा आणि ठराव तुमचा. बरं आहे."

शेवटी तडजोड झाली. दसरा 12 तारखेला होता, तेव्हाची गर्दी सोडून 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जायचे आणि आम्ही बरोबर राहायचे. त्यानंतर दाजींना वर्ध्याला लेकीकडे जायचे होते, एस. टी. ने, एकट्याने. त्या शेवटच्या शब्दाला आम्ही होकारही दिला नाही आणि नकारही नाही. नागपूरला गेल्यावर बघू, म्हणालो. मनात मात्र वर्ध्यापर्यंत जायचे पक्के केले होते.

13 तारखेला दुपारी विक्रोळीला लोकल धरली. प्लॅटफॉर्मवर आम्ही दाजींचा दंड पकडला आणि चालू लागलो. ते थांबले. "अरे, तू मला ढकलतोयस. पुढं तू हो. तुझं कोपर मला दे." मग त्यांनी आमच्या कोपराच्या वर हलका हात ठेवला आणि अर्धे पाऊल मागे राहून चालू लागले. आमचे कोपर खाली गेले की पायरी उतरायची, वर गेले की चढायची. तोंडाने सांगायचीही गरज पडत नाही. चाळीस वर्षे हे आमच्या डोळ्यांदेखत अक्का करीत होती. आम्हाला वाटे, नवराबायको हातात हात घालून चाललेत.

मुंबईच्या बऱ्याच स्टेशनांवर दिव्यांगांचा डबा जिथे येतो तिथे एक यंत्र सारखे टीं टीं वाजत असते. आम्ही तो आवाज शेकडो वेळा ऐकला असेल, कशाचा ते विचारले नाही. दाजी त्या आवाजाच्या रोखाने काठी टेकवीत गेले आणि बरोबर डब्याच्या दारासमोर उभे राहिले. गाडीत पुढच्या स्टेशनाचे नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पुकारतात, त्याचाही आधार असतो. पण प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार हे अंध माणसाला पाठच ठेवावे लागते. दाजींना अख्खी मध्य रेल्वे पाठ आहे. चुकून काही राहिले तर माणसांच्या अंगाची हालचाल सांगते. उतरणारे ज्या दाराकडे सरकतात त्या बाजूला स्टेशन.

वाटेत एका स्टेशनावर डबा बदलायला उतरलो होतो. (डब्यात धडधाकट मंडळीच इतकी शिरली होती की दाजींना उभे राहायला जागा नव्हती.) पुन्हा चढताना एका भल्या गृहस्थाने दया येऊन मागून दाजींची काठी धरली आणि दुसऱ्या हाताने त्यांना आत लोटले. काठीचे टोक गाडी आणि प्लॅटफॉर्म यांच्या फटीत अडकले, दाजींचा गुडघा पायरीवर आपटला आणि घडीच्या काठीचा खालचा सांधा वाकला. गृहस्थ म्हणाले, "सांभाळून बाबा, अशा माणसांनी बाहेर पडू नये." दाजींनी त्यांचे आभार मानले. आम्हाला राग आला, तसे बोललोही. दाजी म्हणाले, "तो वाईट नाही. विचारायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नाही. काठी म्हणजे माझी बोटं आहेत. चालत्या माणसाची बोटं कुणी धरतं का?"

सीएसएमटीहून नागपूरच्या गाडीत बसलो. अंध प्रवाशाला स्लीपरच्या भाड्यात 75 टक्के सवलत मिळते आणि सोबत्यालाही तितकीच, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण रेल्वेचे ओळखपत्र आधी काढून ठेवावे लागते, हे आपल्या वस्त्यांत अनेकांना ठाऊक नाही, म्हणून सांगून ठेवतो. खालचा बर्थ होता. नव्या डब्यांत आसनाच्या नंबरापाशी ब्रेलचे ठिपके असतात. आमच्या जुन्या डब्यात ते नव्हते, तेव्हा दाजींनी दारापासून कप्पे मोजले. नंतर रात्री ते दोनदा उठून एकटे संडासाकडे गेले आणि परत आपल्याच बर्थवर आले. आम्ही मात्र एकदा दुसऱ्याच्या कप्प्यात शिरून एका आजीला उठवले.

तिकीट तपासनीस आला. त्याने दाजींकडे पाहून आम्हाला विचारले, "यांना कुठे उतरायचंय?" आम्ही म्हणालो, "नागपूर." "यांचं वय किती?" आम्ही सांगितले. "यांचं कार्ड?" आम्ही दाजींच्या खिशात हात घालून कार्ड काढून दिले. तपासनीस गेल्यावर दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तीस वर्षं टेलिफोनवर दुनियेशी बोललो. आज माझं वय तू सांगितलंस."

आमच्याकडे उत्तर नव्हते. मघाच्या गृहस्थाने निदान काठीच धरली होती.

कल्याणच्या अलीकडे पारसिकचा बोगदा आला तेव्हा दाजींनी हात वर करून खूण केली. आवाज एकदम दाटून आला की बोगदा, मोकळा सुटला की उघडे रान. लोखंडी पूल खडखडतो, दगडी पुलावरून गाडी घुमत जाते. कसाऱ्याला गाडी थांबली. थोड्या वेळाने पाठीमागून एक गचका बसला. "इंजिनं लागली," दाजी म्हणाले. थळ घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट इतका खडा, त्यामुळे मागून जादा इंजिने लावून गाडी वर ढकलावी लागते. आजवर तो गचका बसला की आम्ही कूस बदलून पुन्हा झोपत आलो. घाटात एकामागून एक बोगदे आले, कानाला दडा बसला, वारा गार झाला, ओल्या मातीचा वास आला. इगतपुरी यायच्या आधीच दाजींनी खिशातून सुटे पैसे काढले होते, कारण वडापाव तिथेच घ्यायचा असा अक्काचा रिवाज होता.

पैशांचेही सांगतो. नव्या शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण असतो, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. कडेला तिरप्या रेघा असतात, शंभराला चार आणि पाचशेला पाच. नोट नवी असेतो बोटाला कळते. चार हात फिरून मऊ झाली की कळत नाही. म्हणून दाजी घरीच नोटा लावून घेतात. शंभर एका घडीची, पाचशे दोन घड्यांची, दहा-वीस वेगळ्या खिशात. वडेवाल्याने परत दिलेल्या नोटा त्यांनी आमच्याकडून तपासून घेतल्या नाहीत. त्यालाच विचारले, "यात काय काय दिलंस, मोजून हातात ठेव." त्याने एकेक नोट नाव घेऊन ठेवली.

समोरच्या बाकावर आपल्यातलेच एक कुटुंब होते. पांढरी साडी नेसलेली आई, दोन मुले, नव्वदीला टेकलेले आजोबा. जयभीम झाला, डबे उघडले, भाकरी वाटून खाल्ली. बोलता बोलता त्या बाई सहज कळवळून म्हणाल्या, "काय बाई, मागल्या जन्माचे भोग. नाहीतर एवढ्या चांगल्या माणसाला असं का व्हावं?"

दाजींनी हातातला घास खाली ठेवला. "ताई, मला देवी आल्या. देवीची लस तेव्हा आमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत वेळेवर पोचली नाही. त्यात मागला जन्म कुठनं आला?"

बाई ओशाळल्या. पण आजोबा पुढे सरसावले आणि विषय रंगला. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मागल्या जन्माच्या कर्माचा वारसा हा विचार बुद्धाचा नव्हे म्हणून सोडवून टाकला आहे. त्याच विचाराने आपल्या बापजाद्यांना अस्पृश्य ठेवले होते, हे आपण भाषणात ऐकतो, टाळ्या वाजवतो. आणि आंधळा, पांगळा माणूस समोर आला की ओठांवर तेच शब्द येतात. आमच्याही येत आले आहेत.

मग दाजींनी चक्खुपाल थेरांची गोष्ट काढली. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेची ती कथा विहारात सर्वांनी ऐकली असेल. थेर अंध होतात, आणि त्यांना श्रावस्तीला नेण्यासाठी धाकटा भाऊ आपल्या भाच्याला श्रामणेर करून पाठवतो. श्रामणेर काठीचे टोक धरून पुढे चालतो. वाटेत रानात त्याचे पाऊल घसरते, तेव्हा थेर त्याला सांगतात, तुझ्यासारख्याने माझ्या काठीला हात लावायचा नाही. पुढे कथा थेरांच्या मागल्या जन्मात शिरते. तिथे आम्ही थांबतो. पण काठीपर्यंतची गोष्ट दाजींना फार आवडते. "रानात एकटा आंधळा माणूस," ते म्हणाले, "तरी कुणाला काठी धरू द्यायची हे तो ठरवतो. नंतर शक्र वेष पालटून येतो, टोक धरतो आणि रस्ता आखडून त्यांना झटक्यात पोचवतो. मी असतो तर म्हणालो असतो, बाबा, रस्ता आहे तेवढाच राहू दे, वळणं किती ते सांग."

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

चाळीसगाव आले तेव्हा बाहेर अंधार होता. आमच्या डब्यात कुणी पुकारा केला नाही. दाजींच्या मोबाइलने नाव सांगितले. डोळ्यांनी न बघता वापरता येईल असा बोलणारा मोबाइल त्यांनी निवृत्तीनंतर शिकून घेतला आहे. चाळीसगाव म्हटल्यावर सगळा कप्पा गप्प झाला. 1929 सालच्या ऑक्टोबरात बाबासाहेब इथे उतरले होते. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने देऊ, पण महाराला बसवून हाकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी वस्तीतल्याच माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत गेले. लोकांनी त्यांना खरे कारण आधी सांगितलेच नव्हते, टांग्यातून नेल्याशिवाय पाहुण्याचा मान राहणार नाही म्हणून.

ही हकीकत आम्हाला पाठ आहे. दाजींनी तिच्यातले एक निराळे बोट धरले. "बाबासाहेबांना त्या टांग्यात बसताना हाकणारा नवखा आहे हे कुणी सांगितलं नाही. माणसं मायेची होती. मान राखायला म्हणून सांगितलं नाही. अरे, वाहनात बसलेल्या माणसाला काय चाललंय ते कळलं पाहिजे. मला दिसत नाही म्हणून तुम्ही लोक गाडी का थांबली ते सांगत नाही, कशाला काळजी म्हणून. मग मी अंधारात दोनदा बसतो."

पहाटे नागपूरला उतरलो. 14 तारखेला दिवसभर दीक्षाभूमीवर होतो. स्तूपाच्या आत गेल्यावर दाजींनी आमचे कोपर सोडले आणि मधोमध उभे राहून हलकेच टाळी वाजवली. 18 डिसेंबर 2001 रोजी त्या वेळचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी या स्तूपाचे उद्घाटन केले. आतून तो पूर्ण पोकळ आहे, व्यास आणि उंची सुमारे 120 फूट. टाळीचा आवाज वर गेला, फिरला आणि सावकाश खाली आला. "एवढा मोठा आहे," दाजी म्हणाले. अक्का त्यांना दरवेळी फूट सांगायची आणि ते दरवेळी टाळी वाजवून खात्री करायचे. तेवढा वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर होता. हा पांढऱ्या काठीचा दिन म्हणून पाळतात, 1964 साली अमेरिकेत त्याची सुरुवात झाली. दाजींना ते ठाऊक होते, आम्हाला नव्हते. वाकलेला सांधा त्यांनी सकाळीच सुतळीने आवळून सरळ केला होता.

गणेशपेठच्या एस. टी. स्टँडवर ध्वनिक्षेपकावरून फलाटांचे नंबर पुकारतात, ते ऐकत दाजी उभे राहिले. डिझेलची गाडी ओळखता येते, ती लांबूनच बोलते. विजेवरची बस मात्र बाजूला येऊन उभी राहिली तरी कानाला पत्ता लागत नाही. हवा चांगली राहते हे खरे, पण अंध माणसाला तिची भीती वाटते. गाडीवरची पाटी वाचता येत नाही, तेव्हा प्रत्येक गाडीला विचारावे लागते, "कुठली?" पाच जणांना विचारले की तीन सांगतात, एक हात करून "ती काय तिकडे" म्हणतो, आणि एक मुकाट निघून जातो. तो का बोलला नाही हे अंधाला कळायला मार्ग नाही.

वर्ध्याची गाडी लागली. साध्या गाडीत अंधाला 75 टक्के सवलत आहे. दाजी पुढच्या राखीव बाकावर बसले. कंडक्टर तरुण पोरगा होता. त्याने थेट दाजींनाच विचारले, "काकाजी, कुठी उतराचं हाय?" दाजींनी सांगितले, कार्ड स्वतः काढून दाखवले, पैसे स्वतः दिले. "बुटीबोरी, सेलू आणि मग वर्धा. बुटीबोरीला गाडी थांबते, तवा उतरू नका," तो म्हणाला. हवे होते ते सगळे त्या एका वाक्यात होते.

आम्ही खाली उतरून हात केला, दाजींना ऐकू जाईल असे "जयभीम, दाजी" म्हणालो, आणि मागच्या बाजूने जाऊन शेवटच्या बाकावर गुपचूप बसलो. गाडी निघायला पाच मिनिटे होती. पुढून आवाज आला, "कंडक्टरसाहेब, मागं एक माणूस बसलाय, कोल्हापुरी चपला करकरताहेत. त्याला वर्ध्याला जायचं नाहीये. त्याला खाली उतरवा."

सगळी गाडी मागे वळून बघू लागली. आम्ही उतरलो. डबल बेल झाली.

गाडीच्या वाटेचे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. आम्ही स्टँडवर चहा घेतला, पुन्हा चहा घेतला. कुठली गाडी आली की मुकाट्याने पाटी वाचायची, कुणी विचारायच्या आधीच सांगायची, असा उद्योग त्या वेळात केला. भाचीचा फोन आला तेव्हा एक वाजत आला होता. पप्पा पोचले, कंडक्टरने सेलूपासून वर्ध्यापर्यंत त्यांचे डोके खाल्ले, आणि आता वरणभात मागताहेत, असे म्हणाली. दाजी महिनाभर तिथेच राहणार आणि परत येताना त्यांचे तिकीट ते काढणार, असाही निरोप होता.

त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांनी, 8 नोव्हेंबर 2024 रोजी, राजीव रतुरी या अंध कार्यकर्त्याने कितीतरी वर्षे लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इमारती, रस्ते, वाहने दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याचे नियम केवळ सल्ल्यासारखे न ठेवता बंधनकारक करा, असे केंद्र सरकारला सांगितले, आणि तीन महिन्यांची मुदत दिली. आम्ही वर्ध्याला फोन लावून दाजींना बातमी वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली आणि म्हणाले, कात्रण जपून ठेव.

आमचे परतीचे सोबत्याचे तिकीट मात्र वाया गेले. सवलत त्यांच्या सोबत असेल तरच, ते नसतील तर नाही. नागपूरहून मुंबईपर्यंत पूर्ण भाडे भरून आलो. कसाऱ्याच्या घाटात जागे होतो.